हाताने विणलेला चामडी बुलव्हिप: घेताना काय पाहायचं, घेतल्यावर कसा राखायचा?

माळरान

मोकळ्या मैदानात सरावासाठी हाताने विणलेला बुलव्हिप (आखूड मुठीचा लांब, निमुळता चाबूक) घ्यायचा आहे. नायलॉनच्या चाबकावर हात बऱ्यापैकी बसला आहे, आता चामड्याचा हवा. तीन पर्याय समोर आहेत: गाईच्या चामड्याचा 8 वाद्यांचा (वादी म्हणजे वीणेतली चामड्याची बारीक फीत) 6 फुटी, कांगारूच्या चामड्याचा 12 वाद्यांचा 6 फुटी, आणि कांगारूचाच 16 वाद्यांचा 8 फुटी. विकणारे वाद्यांच्या संख्येवरच भर देतात. तो आकडा खरंच इतका महत्त्वाचा आहे का? प्रत्यक्ष हातात न घेता, फोटोंवरून खरेदी करायची आहे, तर काय विचारावं? आणि तेल किती, कोणतं, कितीदा? याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो.

गोफवीण

वाद्यांची संख्या ही बाहेरची गोष्ट. चाबूक चालतो तो आतल्या बांधणीवर, आणि नेमकं तेच फोटोत दिसत नाही. म्हणून आधी ते विचारा.

चांगल्या बुलव्हिपच्या आत चामड्याची एक निमुळती पट्टी गाभा म्हणून असते. तिच्यावर सहसा 4 वाद्यांचा पहिला आतला गोफ, त्यावर घट्ट गुंडाळलेली चामड्याची पट्टी, मग दुसरा आतला गोफ, पुन्हा पट्टी, आणि सगळ्यात वर आपल्याला दिसणारी वीण. म्हणजे दोन आतले गोफ आणि दोन पट्ट्या. प्रत्येक थर वेगवेगळ्या ठिकाणी संपतो, त्यामुळे चाबूक मुठीकडून टोकाकडे हळूहळू हलका होत जातो. हा उतार अखंड असेल तरच मुठीजवळ तयार झालेला वळसा टोकापर्यंत वेग वाढवत पोहोचतो.

स्वस्तातल्या नगात गाभ्याला सुती दोरी, चिंध्या किंवा प्लास्टिकची नळी घालतात आणि वरून सुबक 16 वाद्या विणतात. दिसायला तो सुरेखच. पण दोरी दबते, वरची वीण ढिली पडते, आणि काही आठवड्यांत मूठ संपते तिथे बिजागरीसारखा कोन तयार होतो. नंतर तो दुरुस्त होत नाही.

विकणाऱ्याला हे विचारा:

– आत किती गोफ, किती पट्ट्या आणि गाभा कशाचा?
– सुरुवातीला 12 वाद्या असतील, तर फॉलच्या (वीण संपते तिथे जोडलेल्या, बदलता येणाऱ्या चामडी पट्टीच्या) गाठीपाशी किती उरतात? निमुळतं होताना वाद्या आत सोडत जावं लागतं. 12 वरून 8 किंवा 6 वर येणं स्वाभाविक आहे. शेवटपर्यंत 12 असतील, तर टोक जाड राहिलं आहे किंवा वाद्या इतक्या बारीक केल्या आहेत की तुटतील.
– लांबी कुठून कुठे मोजली? बुलव्हिपची लांबी सहसा मुठीच्या बुडापासून फॉलच्या गाठीपर्यंत धरतात. फॉल आणि क्रॅकर (फॉलच्या टोकाला बांधलेला दोऱ्याचा तुकडा) त्यात येत नाहीत. काही जण सगळं धरून सांगतात आणि 6 फुटी म्हणून घेतलेला चाबूक प्रत्यक्षात तीनेक फुटांचा निघतो.
– फॉल झिजल्यावर बदलून द्याल का?

फोटो दोन मागवा. एकात मूठ आडवी धरलेली आणि चाबूक मोकळा लोंबता. मुठीतून निघून तो सलग कमानीत खाली आला पाहिजे; मूठ संपताच एकदम खाली पडत असेल तर घेऊ नका. दुसरा फोटो शेवटच्या फूटभर भागाचा, जवळून. मुठीवरची नक्षी सगळेच जीव ओतून करतात, टोकाकडे हात कंटाळतो. तिथली वीण एकसारखी असेल तर माणूस काळजीने काम करतो असं समजायला हरकत नाही.

आरी-रापी

वरच्याशी सहमत. चामड्याबद्दल थोडी भर.

कांगारूच्या चामड्यात तंतू बऱ्याच प्रमाणात पृष्ठभागाला समांतर असतात. त्यामुळे ते सोलून पातळ केलं तरी ताकद टिकते. गाईच्या चामड्यात तंतू उभेआडवे गुंतलेले असतात. पातळ केलं की ते पटकन कमजोर होतं. म्हणून बारीक वाद्या कांगारूच्या, जाड वाद्या गाईच्या. गाईच्या चामड्याचा 12 किंवा 16 वाद्यांचा चाबूक कोणी देऊ करत असेल तर वाद्यांची जाडी विचारा. उलट 8 वाद्यांचा गाईच्या चामड्याचा चाबूक, आतला गोफ नीट असेल तर, दणकट आणि रोजच्या वापराला उत्तम.

वीण जवळून बघताना वाद्यांच्या कडांकडे लक्ष द्या. प्रत्येक वादीची कड रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) तिरपी छाटलेली हवी, म्हणजे ती शेजारच्या वादीखाली सपाट बसते. कडा छाटल्या नसतील तर वीण खरखरीत लागते आणि त्या उभ्या कडाच आधी झिजतात. चाबूक हातात मिळाला तर टेबलावर तळव्याखाली लाटून बघा. गोल असेल तर सरळ लोळतो, चपटा असेल तर ठेचकाळतो. मग मधला भाग हळूच वाकवा. वाद्यांच्या फटीतून आतला थर दिसला, तर विणण्याआधी वाद्या ताणून घेतलेल्या नाहीत किंवा वीण ढिली आहे.

लांबीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: 6 फुटी घ्या. 8 फुटी सावकाश फिरतो आणि दिसतो देखणा, पण चूक झाली तर परत येतानाचा फटका जास्त वजनाचा असतो. जागेचा हिशोबही करा. 6 फूट, अधिक अडीच फूट फॉल, अधिक सहा-सात इंच क्रॅकर, अधिक तुमचा हात, म्हणजे तुमच्यापासून सगळ्या बाजूंनी साधारण 12 फूट. बघणारे त्याच्या दुप्पट लांब उभे राहिले पाहिजेत. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे, पूर्ण बाह्या आणि काठाची टोपी यांत सवलत नाही.

माळरान

फार उपयोगी. मग 12 वाद्यांचा कांगारूचा 6 फुटीच घेतो. नवा चाबूक ताठ असतो म्हणतात, तो तेलात भिजवून मऊ करावा का? आणि नायलॉनच्या चाबकावर क्रॅकर फार लवकर झडतो, तो घरी करता येतो का?

गोफवीण

भिजवू अजिबात नका. नवा चाबूक ताठ असतो कारण वीण घट्ट आहे, आणि तोच घट्टपणा तुम्ही विकत घेतलेला असतो. तेलाने तो मऊ होतो, पण वाद्या ताणल्या जातात, आतले थर एकमेकांवर सरकतात आणि चाबूक ओल्या दोरीसारखा लुळा होतो. मुरलेलं तेल परत काढता येत नाही.

ताठपणा वापरानेच जाऊ द्या. आधी चाबकाचा कल शोधा: मूठ आडवी धरून सावकाश फिरवा. एका स्थितीत चाबूक सहज खाली वळतो, उलट बाजूला तो अडतो. सहज वळतो ती बाजू लक्षात राहावी म्हणून मुठीच्या बुडावर बारीक खूण करा आणि फेकताना वळसा त्याच बाजूने उलगडेल असा धरा. पहिले काही आठवडे संथ, सोपे फटके: पुढे सरळ फेक आणि डोक्यावरून गोल फेक. सरळ फेकीत चाबूक शरीराच्या बाजूच्या पातळीतून आणि गोल फेकीत डोक्याच्या वरून जायला हवा, अंगावरून नाही. जाताना आणि येताना तो एकाच रेषेत आला की मानेवर बसतो.

जोर लावायची गरज का नाही, तेही सांगतो. आवाज येतो तो चाबकाचा वेग ध्वनीच्या वेगापलीकडे, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरच्या पुढे गेल्यामुळे. अलेन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन या गणितज्ञांनी 2002 मध्ये गणिताने दाखवलं की हा धमाका चाबकावरून धावणारा वळसा करतो. वळसा स्वच्छ असेल तर मनगटाची साधी फेक पुरते. जोराने हिसका दिला की वळसा मोडतो, आवाज नीट येत नाही आणि फॉलच्या गाठीवर ताण मात्र येतो.

निमुळता

क्रॅकर घरीच करा, विकत घ्यायची गरज नाही.

पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा पिळाचा दोरा घ्या. दोऱ्यांची साधारण 22 इंचांची जुडी करा. दुमडून पिळल्यावर ती फॉलच्या टोकापेक्षा किंचित बारीक राहिली पाहिजे. एक टोक बांधून ठेवा आणि दुसऱ्या टोकाकडून एकाच दिशेने पीळ देत जा. ताण जरा सैल केल्यावर जुडी स्वतःच गाठाळायला लागली की पीळ पुरेसा झाला. आता मध्यावर एक खिळा धरा, त्यावरून जुडी दुमडा आणि दोन्ही टोकं जुळवून सोडा. दोन्ही पदर एकमेकांवर उलट दिशेने आपोआप पिळले जातात. खिळ्याच्या जागी अर्ध्या इंचाचा फास उरतो. मोकळ्या टोकापासून दीड इंचावर साधी गाठ मारा, बाहेरचे दोरे मोकळे करून तुरा करा आणि कात्रीने सरळ कापा. तयार क्रॅकर साडेसहा-सात इंचांचा भरतो.

बांधायची गाठ: फॉलचं टोक क्रॅकरच्या फासातून वर काढा, फासाच्या मानेमागून फिरवा आणि स्वतःच्याच खालून, पण फासाच्या वरून, ओढून आवळा. ही गाठ ओढीने घट्ट होते आणि क्रॅकर बदलताना सहज सुटते. फॉलचं अर्धा इंच टोक बाहेर राहू द्या.

तुरा झडून गाठीपाशी आला की क्रॅकर बदला. क्रॅकर नसताना एकही फटका मारू नका. तो सगळा मार फॉलच्या टोकावर येतो, टोक फाटतं, ते छाटावं लागतं आणि दर वेळी फॉल आखूड होतो. क्रॅकर लवकर झडण्याची कारणं दोनच: सैल पीळ किंवा चुकीची जमीन. काँक्रीट, डांबर, मुरूम, वाळू यांवर चामडी चाबूक टेकवूही नका. गवत सर्वांत बरं.

आरी-रापी

आता तेलाचा प्रश्न, कारण चांगले चाबूक सर्वांत जास्त यातच वाया जातात.

चरबी आणि मेणावर आधारलेलं घट्ट मलम वापरा. चाबूक विणणारे पेकार्डचं लेदर ड्रेसिंग बऱ्याचदा सुचवतात. पातळ तेलं नकोत: नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं) फार पटकन आत जातं आणि वाद्या सैल करतं, खाद्यतेल खवट आणि चिकट होतं, जवसाचं तेल वाळून कडक होतं. बुटाचं पॉलिशही नको.

प्रमाण: 6 फुटी चाबकाला एकूण एक लहान चमचा पुरेसा. बोटांच्या उबेने वितळवत वीणेच्या दिशेने चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी सुती कापडाने पुसून घ्या. खाचांत पांढरट मलम उरलं तर कोरड्या मऊ ब्रशने काढा, नाहीतर त्यावर धूळ बसते आणि ती धूळच वाद्या घासते. नियमित वापर असेल तर वर्षातून तीन-चार वेळा पुरे. मुठीला जवळजवळ नकोच, हाताचं तेल तिला मिळतंच. फॉल मात्र वेगळा. तो सर्वांत जास्त वाकतो आणि जमिनीला लागतो, त्याला दर काही सरावांनंतर थोडं थोडं लावा.

चाबूक भिजला तर कापडाने टिपा, सावलीत सैल वेटोळं करून दोन-तीन दिवस वाळू द्या, मगच मलम. ऊन, हीटर, केस वाळवायचं यंत्र यांनी चामडं आकसतं आणि तडकतं. ओला असताना फटके मारले तर वाद्या कायमच्या ताणतात.

ठेवताना फूटभर व्यासाचं सैल वेटोळं, हवेशीर जागी. पातळ खिळ्यावर टांगू नका, तिथे मोड पडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नाहीच. पांढरी पूड दिसली तर आधी ओळखा की ती बुरशी आहे की बाहेर आलेली चरबी. तळव्याच्या उबेने वितळून गेली तर चरबी, नुसती पुसून घ्या. वितळली नाही तर बुरशी. घराबाहेर कोरड्या कापडाने झाडा, स्पिरिट आणि पाणी सम प्रमाणात घेऊन त्यात किंचित ओलावलेल्या फडक्याने पुसा, वाळवा.

माळरान

शेवटचं: फॉल स्वतः बदलता येतो का?

निमुळता

येतो, पण घाई नको. फॉल आखूड होऊन दीड फुटाच्या आत आला किंवा मध्ये तडे दिसले की बदला. नवा फॉल पांढऱ्या चिवट चामड्याचा, वरच्या टोकाला साधारण बोटाच्या निम्म्या रुंदीचा आणि खाली निमुळता होत गेलेला घ्या. वरच्या टोकाला बारीक चीर असते, चाबकाच्या वाद्या तिच्यातून जातात आणि एकेक करून फॉलभोवती आवळलेल्या असतात.

उघडण्याआधी गाठीचे चारही बाजूंनी फोटो काढा. टोकांना मलम लावून रात्रभर मऊ होऊ द्या. मग बोथट टोच्याने, सर्वांत शेवटी आवळलेली वादी आधी, असं उलट क्रमाने सोडवा. धारदार आरीने वाद्या कापल्या जातात आणि एक जरी तुटली तरी गाठ पुरत नाही. प्रत्येक वादी सोडवताना फोटो काढत जा. नवा फॉल घालताना त्याच क्रमाने, प्रत्येक वेढा वर ओढून आवळा, आणि शेवटी गाठ फळीखाली लाटून गोल करा. वाद्यांची टोकं पाव इंचापेक्षा आखूड कापू नका, पहिल्या काही फटक्यांत गाठ थोडी सरकतेच. वाद्या वाळून ठिसूळ झालेल्या दिसल्या तर तिथेच थांबा आणि चाबूक विणणाऱ्याकडे पाठवा.