बदनामीनंतर तुमच्या हातून काय सुटले?

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या वर्गातील एका मुलीविषयी गेल्या महिन्यात काहीबाही पसरले, तेव्हा "तिच्यात फार मिसळू नकोस" हे वाक्य माझ्याच तोंडून निघून गेले. दादरला आमच्या वाडीत, याच वयात, हेच वाक्य माझ्याविषयी बोलले गेले होते. त्यानंतर मी गणपतीतल्या नाटकात काम करणे सोडले आणि पुन्हा कधी रंगमंचावर उभी राहिले नाही. नेमके काय घडले होते ते सांगण्याची गरज नाही. तुमच्या हातून काय सुटले, तेवढे लिहावे. मुलींची आणि शाळांची नावे कृपया टाळावीत.

लालबाग, वय ५५
१९८४ साली मी नववीत होते. वडील गिरणीत साचे चालवत. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली होती आणि "आता घरात अब्रू तेवढी उरली आहे," असे ते येताजाता म्हणत. अशा दिवसांत कोणीतरी चाळीच्या जिन्यात विटेच्या तुकड्याने माझे नाव, शेजारी समोरच्या चाळीतल्या एका मुलाचे नाव आणि मध्ये बदाम काढून ठेवला. आईने ओल्या फडक्याने पुसले तर लाल रंग अधिकच पसरला, म्हणून तिने रात्री चुना कालवून तेवढीच जागा रंगवली. पिवळट पडलेल्या भिंतीवर तो पांढराशुभ्र चौकोन पुढे कित्येक वर्षे राहिला, आणि तेथे काय लिहिले होते हे नव्याने आलेल्या बिऱ्हाडांनाही ठाऊक असे. मी नळावर पहाटे, कोणी उठायच्या आत जाऊ लागले. गॅलरीत बसून अभ्यास करणे सुटले. त्या मुलाशी मी आयुष्यात एकदाही बोललेले नाही. पण खरे सांगायचे तर काही काळाने आपलेच काहीतरी चुकले असावे असे मला वाटू लागले होते, आणि जिना चढताना मान आपोआप खाली जाई.

मुलुंड, वय ३४
मी दुसऱ्या बाजूची आहे. वर्गातल्या एका मैत्रिणीला क्लासबाहेर कोणाच्यातरी स्कूटरवरून उतरताना मी पाहिले आणि चौघींना सांगितले. तो तिचा मावसभाऊ निघाला, पण हे सांगत कोणी फिरले नाही, मीही नाही. दहावीच्या निरोप समारंभाला ती आली नव्हती.

घाटकोपर, वय १९
माझे काही सुटले नाही. आजी महिनाभर रोज माझ्याबरोबर क्लासपर्यंत चालत आली आणि वाटेत जो भेटेल त्याला स्वतःहून थांबवून "ही माझी नात" असे सांगत राहिली. गुडघे दुखत होते तिचे.

विलेपार्ले, वय ४९ (वडील)
२०१९ मध्ये मुलगी नववीत असताना तिचा चेहरा भलत्याच छायाचित्राला चिकटवून ते व्हॉट्सॲपवर वर्गभर फिरवले गेले. फिरवणाऱ्या मुलांना शाळेने समज देऊन सोडले आणि "तिच्याच भल्यासाठी" दाखला काढून न्यावा, असे आम्हाला सुचवले. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या पॉक्सो कायद्याचे २३ वे कलम पीडित बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई करते, ही माहिती पोलीस ठाण्यात मिळाली. सोसायटीच्या लिफ्टला ते कलम लागू नाही. पण लिफ्टला काय दोष द्यायचा? घरी मीच तिला पहिला प्रश्न विचारला होता, "तू कोणाला फोटो पाठवला होतास का?" तिने दुसऱ्या शाळेतून दहावी उत्तम केली, आता ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जेवताना ती फोन पालथा ठेवते, आणि घरात कोणी फोटो काढू लागले की पाणी आणायच्या निमित्ताने उठून जाते. गेल्या दिवाळीच्या फोटोत तिच्या जागी नुसता पाट दिसतो.