मग तांदळाची का नाही करत?
वर कुणीतरी म्हटलंय ना की गहू सोसत नाही त्यांच्यासाठी सिस्टर (नन) लोकांनी चर्चमधल्या प्रसादाची वेफर तांदळाची करावी, एवढं काय त्यात. तसं चालत नाही हो, कॅथलिक नियमात गहू आणि पाणी, बास. म्हणून तर अमेरिकेत मिसुरीतल्या क्लाइडच्या बेनेडिक्टाइन पंथाच्या सिस्टर, ज्या १९१० पासून प्रसादाच्या वेफर बनवतायत, त्यांनी वर्षानुवर्षं खटपट करून २००३च्या सुमारास गव्हाच्या सत्त्वाची वेफर काढली, ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन, जे अशा लोकांना सोसत नाही) फक्त ०.०१ टक्का! साधी वेफर म्हणजे पातळ पीठ दोन तापलेल्या नक्षीदार प्लेटांत भाजायचं, पण निघते ती इतकी ठिसूळ की लगेच कापली तर चुराच, म्हणून आधी दमट हवेत नरम करून मग गोल काप पाडतात. आणि सिस्टरांच्या या वेफर बनवण्याला 'धंदा' म्हणणाऱ्यांनो, हाताच्या कष्टावर जगणं हे त्यांच्या पंथाच्या संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमातच आहे.
आमच्या इंदुरात शेजारच्या काकूंना सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, बाफले बंद, पोह्यांबरोबरची जिलबी बंद, माळव्यात गहू चुकवायचा म्हणजे शिक्षाच की. ज्यांना त्या वेफरमधलं तेवढंही ग्लूटेन सोसत नाही ते प्रसादात नुसती वाइन घेतात, तीही नियमात बसते.