इंजिन फाउंडेशन: तिन्ही कडक करायची, की फक्त टॉर्क रॉड?

चिंचोळी_लेथ
टर्बो हॅचबॅक घेऊन येणाऱ्याची फर्माईश ठरलेली: "फाउंडेशन पार दगड करून द्या." फाउंडेशन म्हणजे इंजिनला बॉडीशी धरणारे रबरी आधार. कंपनीचं रबर साधारण ५० ते ६० शोअर ए (कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक). त्या जागी तिन्हीकडे ९५ शोअरचं पीयू (पॉलियुरेथेन) ओतलं की आयडलला डॅशबोर्ड वाजतो आणि आरशात मागची गाडी थरथरते. वजन पेलणाऱ्या दोन फाउंडेशनला ७० शोअर आणि खालच्या टॉर्क रॉडला ८५ ते ९० पुरे, असं माझं म्हणणं.

आडव्या इंजिनात डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतं, म्हणून चाकाला जाणाऱ्या टॉर्कची सगळी उलटी ओढ फाउंडेशनवर येते. इंजिन २५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५, फायनल ड्राइव्हचं ४, म्हणजे ३,५०० न्यूटन-मीटर. ही ओढ ०.४ मीटरवरच्या रॉडने एकट्याने घेतली तर ८,७५० न्यूटन, जवळजवळ ९०० किलो. क्लच झटक्यात सोडला तर त्याहून जास्त. इंजिन गरगरू न देणं हे रॉडचं काम, मग कडकपणा तिथेच खर्च करा. बाकी दोघांना वजन पेलू द्या.

सॉलिड_एम१३
काय बे, अर्धवट काम! एक कडक आणि दोन मऊ ठेवलं की इंजिन त्या कडक बिंदूभोवती फिरतं आणि सगळा मार तिथल्याच ब्रॅकेटवर बसतो. ड्रॅग रेसच्या गाडीत इंजिन हललं की गिअर बदलायचं लिंकेज ओढलं जातं, दुसरा गिअर चुकतो, आणि सुटताना चाक उड्या मारतं ते वेगळंच. तिन्ही ॲल्युमिनियमचे बुश लावा, विषय संपला.

गंजपेठ_गॅस
संपत नाही, तिथूनच सुरू होतो. सॉलिड फाउंडेशनमधून इंजिनचा आवाज बॉडीत जातो. अवेळी जळणाची ठकठक ऐकणाऱ्या नॉक सेन्सरलाही तो नॉकिंग वाटू शकतो, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. म्हणजे ज्या पॉवरसाठी खटाटोप केला तीच गेली. चासीचा पीळ थेट गिअरबॉक्सच्या कानावर, म्हणजे फाउंडेशन बसतं त्या भागावर येतो. तो कान ॲल्युमिनियमचा ओतीव, वाकत नाही, तुटतो. फक्त ट्रॅकची गाडी असेल तर सॉलिड लावा, पण एक्झॉस्टला फ्लेक्स पाइप हवाच, नाहीतर मॅनिफोल्डच्या वेल्डला चीर. सोलापूरच्या होटगी रोडच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीला मात्र नको.

तुझी कडक-मऊ मिश्रणाची शंका बरोबर आहे, पण ती सॉलिड आणि रबर एकत्र केलं तर. ७० आणि ९० मध्ये तेवढी दरी नसते.

साचा_आणि_मेण
इतका उद्योग कशाला? जुन्या रबरातल्या मोकळ्या खाचा काच चिकटवायच्या पीयू सीलंटने भरा.

चिंचोळी_लेथ
ते सीलंट हवेतल्या ओलाव्याने वाळतं, तेही वरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आणखी सावकाश. ३० मिलिमीटरच्या खाचेत वरून कडक आणि आत लोणी! भरायचंच तर थराथराने, प्रत्येक थराला एक-दोन दिवस देऊन.

साच्यात ओतायच्या दोन घटकांच्या पीयूचं उलटं. त्याला ओलावा चालत नाही. जुलैत ओतलं तर आत बुडबुडे, आणि बुडबुडा असेल तिथूनच फाटतं. पत्रा ग्रिट ब्लास्ट करा (कणांच्या माऱ्याने खरखरीत), थिनरने पुसा, बाँडिंग प्रायमर लावा, त्यानंतर बोट लावायचं नाही. घटक ग्रॅमच्या काट्यावर मोजा, अंदाजाने नको. व्हॅक्युममध्ये हवा काढा आणि साच्याच्या एकाच कोपऱ्यातून बारीक धारेने ओता. साच्यातून काढायला २४ तास, पूर्ण ताकदीला सात दिवस. घाईत गाडी नेली की पीयू चेंगरून बसलंच समजा.

सॉलिड_एम१३
आणि ब्रॅकेट? सगळे रबरावरच बोलताय. बहुतेक गाड्या तिथेच फसतात.

गंजपेठ_गॅस
हे मात्र मान्य. ६ मिलिमीटर एमएस (साधं पोलाद) प्लेट, बुशला सीमलेस पाइप, बोल्ट दोन्ही कानांत धरलेला. एकाच कानावर लोंबकळणारा बोल्ट वाकतो. इंजिन जागेवर धरून फक्त वेल्डचे टाके मारा, मग ब्रॅकेट उतरवून पूर्ण वेल्ड करा. गाडीवरच वेल्ड केलं तर उष्णतेने रबर जळतं, आणि बॅटरी काढली नसेल तर ईसीयूही जाऊ शकतो. वेल्डने भोक ओढलं जातं, म्हणून भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर शेवटी.

पीयूच्या आतली स्टीलची स्लीव्ह पीयूपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर लांब ठेवा. बोल्टने स्लीव्ह आवळली पाहिजे, पीयू नाही. आखूड ठेवली की बोल्ट सैल होत जातो आणि दोष मात्र नटाला. टर्बोच्या डाउनपाइपजवळ (टर्बोतून निघणारा तापलेला एक्झॉस्ट पाइप) पातळ एसएस पत्र्याची ढाल लावा, मध्ये १० ते १५ मिलिमीटर हवा सोडून. इथे बाहेरच ४३ अंश असतं, बोनेटखाली पीयू नरम पडायला वेळ लागत नाही.

साचा_आणि_मेण
आणि इंजिनच बदललेलं असेल तर? आरटीओत अडवतात.

चिंचोळी_लेथ
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, नंतर आरसीत नोंद. फाउंडेशन कितीही नीट बसवलं तरी ती नोंद टळणार नाही.

सॉलिड_एम१३
बोल्ट आवळून झाले की बोनेटच्या आतून मातीच्या गोळ्या चिकटवा, बोनेट बंद करा, हँडब्रेक ओढून क्लचवर इंजिन झटकून पाहा. गोळी किती चेपली ते मोजा. १० मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर ब्रॅकेट परत लेथवर. आणि अर्थिंगची जाड वायर परत जोडा, पीयूतून करंट जात नाही.

गंजपेठ_गॅस
अर्थिंग रबरालाही लागतेच की. पण गोळीचं बरोबर. तुझ्या सॉलिडला मात्र गोळी चेपणारच नाही!