सॅमनच्या मोठ्या मादीत अंडी कमी कशी? लांबीवरचा अंदाज चुकतोय

भिलवडीची पोर
नमस्कार. आम्ही कृष्णाकाठचे भोई, आबा अजून जाळं टाकतात. मी सांगलीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पासाठी अलास्कातल्या रानटी चिनूक सॅमनच्या (समुद्रात वाढून विणीला नदीत चढणारा मासा) साठेक माद्यांच्या नोंदी घेतल्यात: लांबी, वजन, मोजलेली अंडी. लांबी वाढेल तशी अंडी वाढतात, हे आलेखात स्वच्छ दिसतं. पण सात माद्या लांबीला सगळ्यांत वर आणि अंड्यांत मधल्यांच्याही खाली आहेत. सर म्हणाले, काढून टाक.

मला ते जिवावर येतंय. रोहूच्या मादीत किलोमागे लाखावर अंडी, मोहरीएवढी. चिनूकच्या अख्ख्या मादीत काही हजारच, वाटाण्याएवढी. ती एकदाच विते आणि मरते. तिची नोंद अशी खोडायची?

कऱ्हाडचा मत्स्यबीजवाला
सरळ रेघ ओढली आहेस का? आधी लांबी आणि अंडी, दोन्हींचे लॉग (लॉगॅरिदम) घे, मग रेघ ओढ. वजन साधारण लांबीच्या घनाने वाढतं. त्या रेघेचा उतार ३ आला तर अंडी वजनाच्या प्रमाणात वाढतायत. ३च्या खाली आला तरी घाबरू नकोस. मोठ्या चिनूकचं अंडंही मोठं असतं, त्यामुळे गाभोळी जड आणि नग कमी, असं होतं.

भिलवडीची पोर
घेतले, दादा. बाकीच्या छान ओळीत आल्या. या सात नाहीत.

वाईहून
नोंदी नदीच्या मुखाजवळच्या की वरच्या? नदीत शिरल्यावर हा मासा खाणं सोडतो. युकॉन नदीत काही चिनूक ३,००० किलोमीटरच्या आसपास वर चढतात, तेही अंगातल्या साठ्यावर. त्यामुळे खालच्या आणि वरच्या मादीचं वजन एका तराजूत घालू नकोस. लांबी बरी, पण तीही कुठून कुठे मोजली ते बघ. विणीच्या वेळी तोंड पुढे वाढतं आणि अंडी घालायला तळात खड्डा खणताना मादीची शेपटी झिजते. म्हणून डोळ्याच्या मध्यापासून मोजतात.

भिलवडीची पोर
सातही विणीच्या जागेजवळच्या निघाल्या!

काल जेवताना आबांना वही दाखवली. त्यांनी सॅमन कधी पाहिलेला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पोट सैल हुतं का गं?" मग म्हणाले, "चढणीच्या वक्ताला निम्मी अंडी टाकलेली मादी हातात घेतली की कळती. पोट पिशवीवानी लोंबतं. तिथल्यांनी मोजली ती उरलेली असतील." (भरल्या पोटाची मादी चढणीला आली तर आबा सोडून देतात. घाटावर त्यावरून भांडणंही झालीत, पण त्यांनी कधी ऐकलं नाही.)

रात्री मूळ तक्ता पुन्हा उघडला. मी घाईत शेऱ्याचा रकानाच उतरवला नव्हता. पाच माद्यांपुढे लिहिलंय, 'अंडी सुटी, पोट अर्धं रिकामं'. सॅमनची पिकलेली अंडी गाभोळीतून सुटून पोटाच्या पोकळीत मोकळी पडतात आणि मादी ती एकापाठोपाठ खड्ड्यांत घालते. म्हणजे या पाच जणींची वीण सुरू झाली होती. अंदाजाच्या गणितातून त्यांना बाजूला ठेवते, कारणासकट.

कऱ्हाडचा मत्स्यबीजवाला
आबांना नमस्कार सांग. आणि उरलेल्या दोन?

भिलवडीची पोर
त्यांच्यापुढे शेरा नाही. खवल्यांवरून वय काढलं होतं का, म्हणून आज मेल केलाय. उत्तर येवो न येवो, त्या दोघी तक्त्यात राहणार.