शब्दचर्चा : ‘कमी छेद’ म्हणजे नेमकं काय कमी?

प्रश्न

लठ्ठपणावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं माहितीपत्रक मराठीत लिहायचं काम हाती आहे. वाचणार आहेत रुग्ण आणि त्यांच्या घरचे. या शस्त्रक्रियेत पोटावर साधारण पाच-सहा ठिकाणी कापावं लागतं, ते तीनवर, दोनवर किंवा एकावर कसं आणतात हा विषय. डॉक्टरांच्या टिपणात एका ओळीत ‘छेद’ आहे, पुढच्या ओळीत ‘चीर’, त्यापुढे ‘छिद्र’, आणि बोलताना सगळे ‘पोर्ट’च म्हणतात. मसुदा दोघांना वाचायला दिला. ‘कमी छेदांची शस्त्रक्रिया’ वाचून एकाला वाटलं छेद लहान असणार, दुसरीला वाटलं मोजून थोडे असणार. शिवाय एका ठिकाणी ‘किमान आक्रमक शस्त्रक्रिया’ (इंग्रजी ‘मिनिमली इनव्हेजिव्ह’चं शब्दशः भाषांतर) असा प्रयोग दिसला, तो काही घशाखाली उतरत नाही. काय लिहावं?

प्रतिसाद

‘किमान आक्रमक’ खुशाल खोडून टाका. आक्रमक फलंदाज असतो, भाषण असतं. ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ सगळ्यांना कळतं. दुर्बीण ही खरं तर दूरचं बघायची वस्तू आणि इथे ती नेऊन ठेवतात अगदी जठराशेजारी, पण शब्द रुळलाय, त्याला हात लावू नका. तिचं मूळ नाव लॅपरोस्कोपी. त्यातला ‘लपारा’ हा ग्रीक शब्द म्हणजे बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्यामधला मऊ भाग, आपली कूस. स्वीडनच्या याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसाच्या पोटात अशी नळी घालून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं आणि हे नाव चालू झालं. ‘कूसदर्शन’ असं कोणी केलं नाही हे आपलं नशीब.

प्रतिसाद

छेद आणि भेद यांत आपल्याकडे जुना फरक आहे, तो इथे उपयोगी पडेल. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितलेत : छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य, सीव्य. यातलं छेद्य म्हणजे कापून वेगळं करणं. नुसतं चिरून आत वाट करणं ते भेद्य, आणि टोकदार हत्याराने भोसकणं ते वेध्य. या हिशेबाने पोटावर जे होतं तो छेद नव्हेच. छेद होतो आत, जठराचा. मग त्याचा कापलेला तुकडा ओढून बाहेर काढणं हे आहार्य आणि उरलेलं शिवणं हे सीव्य.

माहितीपत्रकात हे घालू नका अर्थात. ‘भेद’ म्हटलं की लोकांना मतभेद आठवतील, आणि ‘छेद’ म्हटलं की शाळेतला अपूर्णांक. पण ‘छेद’ हा सगळीकडे लागू पडणारा शास्त्रीय शब्द आहे असं समजून चालू नये, एवढंच.

प्रतिसाद

मी शस्त्रक्रियागृहात काम करते. आधी वस्तू बघू, मग शब्द.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ ते १५ मिमी पारा. त्याने पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत हात फिरवायला जागा होते. त्वचेवर सुरीने लहानशी चीर देतात आणि तिच्यातून ट्रोकार आत घालतात. ट्रोकार म्हणजे टोकदार दांडा आणि त्यावर चढवलेली नळी. (शब्द फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ तीन बाजूंचा. जुन्या ट्रोकारचं टोक तिधारी असे.) दांडा काढून घेतला की नळी जागेवर राहते. तिला झडप असते, त्यामुळे हत्यार आत-बाहेर केलं तरी गॅस निसटत नाही. ही नळी म्हणजे पोर्ट. तेव्हा चीर त्वचेला, छिद्र पोटाच्या भिंतीला, आणि पोर्ट त्या छिद्रातल्या नळीचं नाव. तिन्ही शब्द बरोबर आहेत, एकाच्या जागी दुसरा घातला की घोटाळा.

आता पाच-सहा लागतात कशाला? एक कॅमेऱ्याला. दोन सर्जनच्या दोन हातांना. एक मदतनिसाला. एक यकृत वर धरायला. यातलं निदान एक १२ मिमीचं, कधी १५ चं, कारण जठर कापून पिनांनी बंद करणारा नेहमीचा स्टेपलर ५ मिमीच्या नळीतून जात नाही. स्लीव्ह म्हणजे जठर कापून बाहीसारखी अरुंद नळी ठेवायची शस्त्रक्रिया. तिच्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापतात, तोही याच मोठ्या छिद्रातून बाहेर येतो. ते बघण्यासारखं असतं. कापलेल्या जठराचं एक टोक चिमट्यात धरून सावकाश ओढायचं. सुरुवातीला सरसर येतं, मग फुगीर भाग भिंतीत अडतो. मग चिमट्याची तोंडं उघडून छिद्र ताणायचं, पुन्हा ओढायचं. कागदावर १५ मिमी लिहिलेलं छिद्र त्या वेळी १५ मिमीचं राहत नाही.

कमी करायचं तर पहिला बळी यकृताच्या चिरेचा. लठ्ठपणात यकृतात चरबी साठते, त्याचा डावा खंड जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या टोकाशी ५ मिमीची चीर देऊन एक वाकडी सळई आत घालतात आणि तो खंड उचलून धरतात. त्याऐवजी यकृत टाक्याने वर टांगून ठेवता येतं. चुंबकाचीही सोय निघाली आहे : आत यकृताच्या कडेला छोटा चिमटा, बाहेर पोटावर चुंबक. शिवाय शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिलेला असतो, त्याने यकृत आकसतं आणि कामच हलकं होतं. छिद्र कमी करायची सुरुवात अशी ताटापासून होते, पण हे पत्रकात कोणी लिहीत नाही.

त्यानंतर मदतनिसाचं पोर्ट जातं. इथवर ठीक. पण एकावर यायचं म्हटलं की गणित बदलतं. कॅमेरा आणि दोन्ही हात बेंबीतल्या एकाच वाटेने आत जातात. दोन हातांमध्ये कोन उरत नाही, हत्यारं एकमेकांवर आपटतात. सर्जन त्याला तलवारबाजी म्हणतात. त्यासाठी वाकडी हत्यारं वापरतात. त्यात मोठ्या पोटात बेंबी खाली सरकलेली असते आणि जठराचं वरचं टोक लांब राहतं, म्हणून हत्यारंही लांब लागतात. नेहमीच्या पद्धतीत कॅमेऱ्याचं पोर्ट बेंबीत न घालता उरोस्थीच्या टोकापासून अंतर मोजून वर घालतात, ते याचसाठी.

आता तुमच्या ‘कमी’कडे. समजा तीन छिद्रं ५ मिमीची, एक १२ चं, एक १५ चं. बेरीज ४२. एकाच चिरेतून केलं तर ती चीर ३० मिमीची धरा. संख्या पाचावरून एकावर आली. एकूण लांबी ४२ वरून ३० वर आली. पण सगळ्यात मोठं छिद्र १५ वरून ३० वर गेलं! आणि पुढे तिथून हर्निया होण्याचा (पोटातला भाग भिंतीतून बाहेर येण्याचा) धोका या शेवटच्या आकड्याला बांधलेला आहे. म्हणून नुसतं ‘कमी छेद’ लिहिणं मला लबाडीचं वाटतं. काय कमी, ते लिहा.

प्रतिसाद

वरचा हिशेब वाचून आठवलं, रोबोटचंही तसंच आहे. लोकांना वाटतं रोबोट म्हणजे भोकं कमी. नेहमीच्या रोबोटला चार हात असतात, प्रत्येक हाताला ८ मिमीचं पोर्ट. एका नळीतून सगळं करणारा रोबोट वेगळा. पत्रकात रोबोटचा उल्लेख असेल तर तिथे ‘कमी’ शब्द फिरकू देऊ नका.

प्रतिसाद

माझी स्लीव्ह झालेली आहे. ऑपरेशननंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच विचारलं, “किती टाके पडले?” आपल्याकडे शस्त्रक्रियेचं माप टाक्यांतच असतं. छेद, छिद्र कोणी विचारत नाही. फार तर “भोकं पाडून केलं ना?” आणि दुसरा हमखास प्रश्न, “किती किलो चरबी काढली?” चरबी काढतच नाहीत हो, जठर लहान करतात, हे सांगून तोंड दुखलं. तेव्हा पत्रकात हे पहिल्याच ओळीत असू द्या. ‘भोक’ही लिहा असं माझं मत. वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

प्रतिसाद

टाक्यांचा विषय निघालाच आहे तर ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ या जाहिरातीतल्या शब्दाबद्दल. त्वचेला गोंद लावला किंवा आत विरघळणारा टाका घातला की बाहेर काही दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आत काय असतं? स्टेपलर एका दाबात टायटेनियमच्या पिनांच्या सहा रांगा ठोकतो आणि मधून कापतो, दोन्ही बाजूंना तीन-तीन रांगा राहतात. एक स्लीव्ह पुरी करायला असे बरेच दाब लागतात. १० मिमीहून मोठ्या छिद्रांच्या आतल्या थरालाही पुष्कळदा टाका घालतात, नाहीतर हर्नियाची भीती. चरबीचा थर जाड असतो, त्या खोलात टाका घालणं सोपं नाही. याला ‘बिनटाक्याचं’ म्हणायला धाडस पाहिजे.

खरोखर बिनचिरेचा प्रकार वेगळाच. तोंडातून एंडोस्कोप (कॅमेऱ्याची लवचिक नळी) घालून जठराला आतूनच टाके घालतात आणि ते आवळून अरुंद करतात. तिथे पोटावर चीर शून्य आणि टाके मात्र आहेतच! त्याला ‘बिनचिरेची’ म्हणा.

प्रतिसाद

‘उघडी शस्त्रक्रिया’ हा शब्द मात्र ठेवा, त्याच्याशिवाय तुलना कळत नाही. अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात जठराचा बायपास (जठराचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट आतड्याला जोडणं) सुरू केला तेव्हा पोट उरोस्थीपासून बेंबीच्या दिशेने लांब उघडावं लागे, आणि त्या जखमेतून होणारा हर्निया ही मोठी डोकेदुखी होती. दुर्बिणीने केलेल्या बायपासचा अहवाल विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी १९९४ मध्ये दिला. एकाच चिरेतून केलेल्या स्लीव्हचे अहवाल २००८ पासून दिसतात. म्हणजे मोठी उडी एका लांब चिरेवरून पाच-सहा छिद्रांवर येताना झाली. पाचावरून तीनवर येणं त्यामानाने पाऊलभर आहे. दिसण्यात फरक पडतो, दुखण्यात फार नाही. पत्रकाचा सूर त्या बेताचा असावा.

आणखी एक. बायपासमध्ये आतडं जठराला शिवायचं असतं. ते एका वाटेने करणं कठीण, म्हणून छिद्रं कमी करण्याचे प्रयोग स्लीव्हवर जास्त झाले. सरसकट ‘लठ्ठपणाची शस्त्रक्रिया आता एका छिद्रातून’ असं मथळ्यात नको.

प्रश्नकर्तीकडून

खूप मिळालं. असं लिहिलंय, बघा :

“या शस्त्रक्रियेत चरबी काढत नाहीत, जठर लहान करतात. त्यासाठी पोटावर नेहमी पाच-सहा लहान चिरा देतात. काही रुग्णांमध्ये तीन किंवा त्याहून कमी चिरा पुरतात. चिरांची संख्या कमी झाली तरी त्यातली एखादी नेहमीपेक्षा लांब असू शकते.”

त्वचेवरच्यासाठी सगळीकडे ‘चीर’, नळीसाठी ‘पोर्ट’, आणि ‘छेद’ पूर्ण गाळला. ‘भोक’ समजावून सांगताना तोंडी चालेल, छापायला जीव होत नाही. बेंबी मात्र बेंबीच ठेवली, ‘नाभी’ नाही.

प्रतिसाद

मसुदा चांगला झालाय. शस्त्रक्रियागृहातून एकच भर. “पुरतात” नंतर हे वाक्य घाला : “शस्त्रक्रिया चालू असताना गरज पडली तर डॉक्टर आणखी चिरा देतील किंवा पोट उघडून शस्त्रक्रिया करतील.” यकृत जड निघालं, रक्तस्राव झाला, दिसेनासं झालं, की जादा पोर्ट घालावंच लागतं, आणि ते घालणं हे अपयश नव्हे. तीन चिरा सांगितल्या होत्या आणि पाच कशा, असं शुद्धीवर आल्यावर विचारणारे खूप भेटतात. संमतीपत्रावरही हेच वाक्य, हेच शब्द ठेवा. तिथे पुन्हा ‘छेद’ नको.