दादा कागदपत्रं वहिनीच्या हाती देतोय. त्याला सरळ विचारू का?

धाकटा_दारव्हा (रविवार, रात्री ११.२०)

मी चाकणला कंपनीत आहे. गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरी आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन लेकरं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा तो दहावीत होता. शाळा सोडून शेतात उतरला आणि माझं आयटीआय त्यानेच केलं.

साडेपाच एकर कोरडवाहू. यंदा सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस लागला. हाती आलं ते ओलं आहे म्हणून व्यापाऱ्याने ३७०० ने घेतलं, हमीभाव त्याहून बराच जास्त असताना. बँकेचं पीककर्ज आहेच, शिवाय वहिनीच्या नावावर गटाचं कर्ज. त्याचा माणूस दर मंगळवारी दारात येऊन बसतो. पण ओढाताण आमच्याकडे दरवर्षीचीच, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

दिवाळीला गेलो तेव्हा दादा वेगळा वाटला. पारावर जात नाही. रात्री दोन-तीनला उठून अंगणात बसतो. अर्धी भाकर ताटात तशीच. मी गाडी जोरात आणली की पूर्वी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, यावेळी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

परवा वहिनीचा फोन आला. त्याने लोखंडी पेटी उघडून सातबारा, पासबुक, विम्याचा बाँड, पोरीचा जन्मदाखला असं सगळं एका कॅरीबॅगेत घातलं आणि वरून सुतळीच्या दोन गाठी मारल्या. पिशवी तिच्या हातात देऊन म्हणाला, "हे तुह्यापाशी राहू दे, मले काही ध्यानात राहत नाही आता." आणि आज दुपारी त्याचा मला फोन. "पोरीचं दहावीपर्यंत तू पाहशील ना?" मी म्हणालो, हो, पण काहून रे दादा? "काही नाही, असंच," म्हणाला आणि ठेवून दिला.

गेल्या वर्षी आमच्या मागच्या गल्लीतला एक जण गेला. तेव्हापासून गावात तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. आई म्हणते, तू विचारू नको, नसलं तरी डोक्यात येईल. वहिनी म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, अमावास्येला देवस्थानात नेऊ. काका म्हणतात, त्या दवाखान्यात नेलं की पोलीस केस होते आणि उद्या पोरीच्या सोयरिकीत निघतं.

मला शुक्रवारपासून सुट्टी मिळेल. मी काय विचारू, कसं विचारू? का काहीच विचारू नको? झोप येत नाही म्हणून इथे लिहितोय.

परत_उभा (रविवार, रात्री ११.४१)

भाऊ, शुक्रवारची वाट पाहू नका. उद्याचीच गाडी पकडा. सुपरवायझरला सांगा घरात आजारपण आहे, आणि ते खरंच आहे. आत्ता वहिनींना फोन करून सांगा की आज रात्री दादाला एकटं झोपू देऊ नका, आणि घरात, गोठ्यात, शेतातल्या खोपीत फवारणीचं जे औषध असेल ते सकाळच्या आत शेजारच्या घरी कुलुपात जाऊ द्या. कारण विचारलं तर सांगा, लेकरं घरात आहेत.

मी २०१९ मध्ये तुमच्या दादाच्या जागी होतो. सविस्तर उद्या लिहितो. आधी फोन करा.

धाकटा_दारव्हा (सोमवार, पहाटे १२.३०)

केला. वहिनी रडली, पण समजली. आई त्याच्या खाटेजवळ खाली अंथरूण टाकून झोपली आहे. औषधाच्या बाटल्या माझ्या मित्राने येऊन नेल्या, आता त्याच्या कपाटात आहेत.

आशा_वर्धा (सोमवार, सकाळी ६.१०)

दादा, मी वर्धा जिल्ह्यात तेरा वर्षं आशा सेविका आहे. तुमचं लिहिणं चहा ठेवता ठेवता वाचलं आणि चहा उतू गेला.

तुमच्या आईचा प्रश्न आधी घेते, कारण तो मला प्रत्येक घरात विचारतात. विचारल्याने डोक्यात येत नाही. ज्याच्या मनात नसतं तो म्हणतो, "वेडी आहेस का ताई," आणि विषय संपतो. ज्याच्या मनात असतं तो गप्प होतो किंवा त्याचा गळा भरून येतो, कारण आठवडे झाले तो ते एकटाच घेऊन फिरत असतो. आम्हाला प्रशिक्षणात हे सांगितलं होतं, पण मला ते पटलं एका तुरीच्या वावरात. तिथल्या भाऊंना मी विचारलं आणि ते पंधरा मिनिटं नुसते रडले. आजही रस्त्यात भेटले की थांबून बोलतात.

आता कसं विचारायचं. घरात, सगळ्यांसमोर नाही. त्याला शेतात घेऊन जा, धुऱ्यावर बसा, शेजारी बसा, समोर नको. आधी तुम्हाला जे दिसलं ते सांगा: झोपत नाहीस, जेवत नाहीस, पिशवी बांधून दिलीस. मग स्पष्ट विचारा, "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?" आडून नको. "तू तसलं काही करणार नाहीस ना?" असं तर अजिबात नको. त्याचं उत्तर तुम्हीच देऊन टाकता, तो नुसतं "नाही" म्हणतो. विचारलं की थांबा. कितीही वेळ लागला तरी तुम्ही मध्ये बोलू नका. आणि तो "हो" म्हणाला तर "लेकरांकडे पाह्य, आईचं काय होईल" हे त्या क्षणी काढू नका. त्याला ते माहीत आहे. त्याच्या मनात तो घरावरचा भारच असतो, त्यात तुम्ही आणखी भर घालता. एवढंच म्हणा, "बरं झालं सांगितलंस. मी आहे. आता आपण दोघं मिळून पाहू."

बाहेरचं आहे म्हणणाऱ्या वहिनींशी वाद घालू नका. देवस्थानात जायचं तर जाऊ द्या, फक्त दवाखाना आधी.

आणखी एक सांगते. आम्ही तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतो, त्याला सीबॅक म्हणतात. बीपी, शुगर, तंबाखू झाल्यावर शेवटी दोन प्रश्न असतात: मागच्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही असं किती दिवस झालं, उदास किंवा निराश किती दिवस वाटलं. पुष्कळदा हे दोन प्रश्न घाईघाईत भरले जातात. पुरुष तर घरात सापडतच नाहीत, बाईच उत्तर देते की "बरे हायेत ते." मला याचं वाईट वाटतं, कारण नीट विचारलं की फरक पडतो हे आमच्याच विदर्भात दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघर बोलायला लावलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे शंभरात चार होते, ते दीड वर्षात सत्तावीस झाले. वर्षभरात जीव द्यायचा विचार आलेले पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. मोठे डॉक्टर गावात राहायला आले म्हणून हे झालं नाही, शेजारच्यांनी विचारलं म्हणून झालं.

तुमच्या गावच्या आशाला भेटा. ती ओळखीची असेल म्हणून संकोच वाटेल, तरी भेटा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत तीच नेईल, आणि तुम्ही चाकणला परत गेलात की दारावरून रोज जाणारी तीच असेल.

परत_उभा (सोमवार, सकाळी ९.०५)

काल लिहितो म्हणालो होतो. माझं गाव नांदेडकडे. कर्ज होतं, पण नुसतं कर्ज नव्हतं. कर्ज माझ्याहून जास्त असलेले गावात दहा जण होते आणि ते हसतखेळत होते, याचाच मला त्रास व्हायचा. मला वाटायचं, मीच नालायक. सकाळी चारला जाग यायची आणि छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. ते नैराश्य आहे, त्याला औषध आहे, हे कुणी सांगेपर्यंत मला माहीतच नव्हतं.

माझ्या मेव्हण्याने विचारलं. तो काही शिकलेला नाही, टेम्पो चालवतो. टेम्पोतच विचारलं, समोर रस्त्याकडे बघत. मी "हो" म्हणालो तेव्हा त्याने टेम्पो बाजूला लावला आणि माझा हात धरून बसला. काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच मला दवाखान्यात घेऊन गेला.

दादाला एक गोष्ट नक्की सांगा: तो विचार सतत सारखा राहत नाही. लाटेसारखा चढतो आणि उतरतो. उतरेपर्यंत जवळ माणूस हवा आणि हाताशी ते औषध नको. म्हणून मी रात्रीच तुमच्या मागे लागलो. श्रीलंकेने सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि वीसेक वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास घटलं. तिथल्या शेतकऱ्यांची दुःखं काही तेवढ्याने संपली नव्हती.

गोळ्या सुरू झाल्यावर मला पहिले पंधरा दिवस काहीच वाटलं नाही, उलट मळमळ. मी सोडणार होतो, बायकोने सोडू दिल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात एका सकाळी भूक लागली. शिळी भाकर आणि ठेचा खाल्ला. ती चव मला अजून आठवते.

समाजसेवक_मानसोपचार (सोमवार, दुपारी १.३०)

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम करतो. काकांच्या भीतीबद्दल लिहितो. मनात असे विचार येतात म्हणून उपचाराला आलेल्या माणसावर पोलीस केस होत नाही, कधीच नव्हती. प्रयत्न केलेल्या माणसालाही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने संरक्षण दिलं. तो तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. उपचाराची माहितीही गुप्त ठेवावी लागते.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर सेव्ह करा. मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलतात. दादाच बोलला पाहिजे असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. आज गाडीत बसल्यावर तुम्ही स्वतःसाठीच करा, काय बोलायचं याची तयारी होईल. आणि दादाने काही ठरवून ठेवलंय, कधी-कसं याचा विचार झालाय असं तुमच्या लक्षात आलं, तर फोनवर वेळ घालवू नका. सरळ १०८ किंवा जवळचं रुग्णालय, मग ओपीडीची वेळ असो नसो.

धाकटा_दारव्हा (गुरुवार, रात्री १०.१५)

सोमवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो, मंगळवारी सकाळी घरी. नेमका गटाचा माणूस ओसरीवर बसलेला. त्याला हात जोडून पुढच्या आठवड्यात या म्हणालो.

दादाला घेऊन तुरीत गेलो. तूर फुलावर आहे. ताई, तुम्ही सांगितलं तसा शेजारी बसलो. पिशवीचं बोललो. मग विचारलं. तोंडातून शब्द निघेना, पण विचारलं, जसं लिहिलंय तसंच. तो तुरीचं एक फूल खुडून बोटांत चोळत बसला. खूप वेळ. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "हाव. रोजच येते." आणि थोड्या वेळाने, "तू इतक्या दुरून हेच इचाराले आला का रे?" मी हो म्हणालो. तेव्हा तो रडला. बाबा गेले तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

रात्री १४४१६ लावला, आधी मी बोललो, मग फोन त्याच्याकडे दिला. पलीकडे बाई होत्या. तो वीस मिनिटं बोलला, बहुतेक "हाव" आणि "नाही". बुधवारी यवतमाळला नेलं. केसपेपर काढताना तो दोनदा म्हणाला चाल परत जाऊ. मी आणि माझा मित्र दोन्ही बाजूंनी बसून राहिलो. डॉक्टरांनी पाऊण तास दिला. नैराश्य आहे म्हणाले, गोळ्या सुरू केल्या आणि पुढच्या बुधवारी परत बोलावलं. गोळ्या वहिनीकडे राहतील, एका वेळी एकाच दिवसाच्या त्याला द्यायच्या, असं डॉक्टरांनीच सांगितलं. ती कॅरीबॅग वहिनीने पेटीत परत ठेवली आहे. सुतळी सोडली नाही, मीही काही बोललो नाही.

आता दोन प्रश्न आहेत. गोळीने त्याला सकाळी नऊपर्यंत झोप येते आणि तो म्हणतो अशानं वावर कोण पाहील, उद्यापासून घेत नाही. आणि मला रविवारी निघावंच लागेल. मी नसताना काय करायचं?

समाजसेवक_मानसोपचार (गुरुवार, रात्री १०.५०)

गोळी स्वतःहून बंद करू नका, वेळही बदलू नका. उद्या सकाळी ओपीडीत फोन करून किंवा जाऊन हेच सांगा. संध्याकाळी लवकर घ्या म्हणतील किंवा मात्रा बदलतील. सुरुवातीची ही गुंगी पुष्कळांची आठ-दहा दिवसांत कमी होते. तोवर सकाळी वावर कोण पाहील, ते आजच मित्राशी ठरवा. पुढच्या बुधवारी सोबत कोण जाणार तेही.

आशा_वर्धा (शुक्रवार, सकाळी ६.००)

दादा, निघण्याआधी तुमच्या गावच्या आशाला घरी चहाला बोलवा. वहिनी आणि आई दोघी असू द्या. बीपी तपासायच्या निमित्ताने ती दर दोन दिवसांनी येईल, दादाला वेगळं वाटणार नाही. तुम्ही रोज रात्री एक फोन करा, पण "कसं वाटते" नका विचारू, तूर किती आली ते विचारा. आठवड्यातून एकदा मात्र तोच प्रश्न परत, तसाच स्पष्ट. आणि गटाच्या माणसाचं काय ठरलं ते मला सांगा, पुढचा मंगळवार चार दिवसांवर आहे.