मॉनिटरिंग डेमनमध्ये नेटलिंकचे मेसेज हरवतायत, काय करू?

कंदील७: सी मधला छोटा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) आहे, नेटलिंक सॉकेटवर (लिनक्स कर्नल नेटवर्कमधले बदल ज्यावरून कळवतो) लिंक ग्रुप, म्हणजे इंटरफेसच्या बदलांचे मेसेज, ऐकतो, इंटरफेस पडला की अलर्ट पाठवतो. वीसेक कंटेनर एकदम रीस्टार्ट झाले की रीसीव्हला एनोबफ्स (सॉकेटचा बफर भरल्याची एरर) येतो. परवा त्यानंतर एक मेलेला व्हेथ (कंटेनरचा व्हर्च्युअल इंटरफेस) आमच्याकडे दोन दिवस जिवंत दिसत होता. मशीनवर १ जीबी रॅम, नवी लायब्ररी टाकायला परवानगी नाही.

सापळेवाला: पायथनमध्ये पायरूट२ लायब्ररी घे आणि विषय संपव, माझं दोन वर्षं मस्त चाललंय.

कंदील७: दादा, लायब्ररी नाही चालणार, वर लिहिलंय.

घाटावरचा: बफर वाढव रे. आरमेम_मॅक्स (रीसीव्ह बफरची कमाल मर्यादा) बहुतेक ठिकाणी २१२९९२ बाइट असतं, त्याच्यापुढचा आकडा सेटसॉकऑप्टला (सॉकेटची सेटिंग बदलणारा कॉल) दिलास तर एरर न देता गुपचूप कापतो. ती मर्यादा ओलांडणारा आरसीव्हीबफफोर्स ऑप्शन वापर, त्याला नेटवर्क अ‍ॅडमिनचा अधिकार म्हणजे कॅप_नेट_अ‍ॅडमिन लागतं. मी सरळ १६ एमबी ठेवलाय, आजवर एक मेसेज गेला नाही!

रात्रपाळी: १६ एमबीने मेसेज हरवायचा थांबत नाही, उशिरा हरवतो एवढंच. बफर भरला की कर्नल मेसेज टाकून देतो, हे मॅन पेजमध्येच लिहिलंय. एनोबफ्स आला म्हणजे तुझ्याकडचं चित्र शिळं झालं, मग गेटलिंकचा डंप (सगळ्या इंटरफेसची आत्ताची यादी) मागून आपल्या यादीशी ताडून बघ, डंपमध्ये नसेल तो इंटरफेस यादीतून काढ. सुरुवातीलाही आधी ग्रुप जॉइन, मग डंप, उलटं केलंस तर मधल्या वेळचं निसटतं. डंपवर इंटर फ्लॅग (डंप चालू असतानाच यादी बदलल्याची खूण) आला तर परत माग.

सापळेवाला: बफर वाढवलाच पाहिजे, घाटावरचा बरोबर बोलतोय.

मीरा_एनओसी: नो_एनोबफ्स ऑप्शन कोणी सुचवू नका प्लीज, एरर येत नाही पण मेसेज जातातच, आमची आख्खी रात्र त्यात गेली. आणि ब्रिज (इंटरफेस एकत्र जोडणारा व्हर्च्युअल स्विच) वापरत असशील तर डेललिंकची (लिंक गेल्याचा मेसेज) फॅमिली तपास, एएफ_ब्रिज असेल तर पोर्ट फक्त ब्रिजमधून निघालाय, इंटरफेस जागेवरच असतो, आम्ही यामुळे चालू लिंकचे खोटे अलर्ट पाठवत बसलो होतो.

घाटावरचा: ब्रिज कोण वापरतं आता, मॅकव्हीलॅन (ब्रिजशिवाय कंटेनर नेटवर्कला जोडायची पद्धत) घ्या.

मीरा_एनओसी: डॉकर बाय डिफॉल्ट ब्रिजच करतो हो. कंदील, अलर्ट त्याच थ्रेडमधून जातो का?

कंदील७: हो ताई, कर्ल (वेब रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) चालवून थांबतो, कधी दोन-तीन सेकंद.

मीरा_एनओसी: मग तेच. तेवढा वेळ सॉकेट कोणी वाचतच नाही. अलर्ट बाहेर काढ आधी.

कंदील७: अलर्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकला. बाकी मात्र कोणाचंच पूर्ण घेत नाहीये. मेसेजच्या आतलं आता वाचतच नाही, तो दारावरची बेल समजतो. बेल वाजली किंवा एनोबफ्स आला की ३०० मिलिसेकंद थांबून दुसऱ्या सॉकेटवर डंप, शिवाय दर मिनिटाला एक तसाच. मध्येच पडून लगेच उठलेली लिंक दिसणार नाही, ते आम्हाला चालतं. प्रोक नेट नेटलिंकमधला ड्रॉप्स (हरवलेले मेसेज) कॉलम आठवडाभर बघतो.

घाटावरचा: बफर तरी वाढव रे बाबा.